शेठ म्हणतात, ‘अजून एवढंच करा’

पत्र: आम्ही दोघे मित्र. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग नुकतंच संपलंय. मांडवीजवळ ओळखीच्या एका शेठचं फरसाणाचं दुकान आहे. दोन काउंटर, मागे कारखाना. चार महिन्यांपूर्वी त्यांच्यासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. तेव्हा ‘साधं बिल निघालं की झालं’ असं ठरलं होतं. आता त्यात उधारी, कारखान्याचा माल, आगाऊ ऑर्डरी, घरपोच माल असं सगळंच आलंय. एक दुरुस्त केलं की दुसरं मोडतं. कोड आम्ही एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर झिप करून पाठवतो. चाचणीच्या वेळी दोन काउंटरवरून दोन गिऱ्हाइकांना एकाच नंबरचं बिल गेलं. दसऱ्याच्या फाफडा-जलेबीच्या गर्दीत हेच चालवायचं, असं शेठनी ठरवलंय. दहा आठवडे उरलेत. कॉलेजात सॉफ्टवेअर बनवायच्या दोन पद्धती, सगळं आधी ठरवून पायरीपायरीने जाणारा वॉटरफॉल आणि थोडं थोडं बनवून दाखवत जाणारं अ‍ॅजाइल शिकलो, पण त्यातलं इथे काय लावायचं ते कळत नाही. तिसऱ्या मित्राला घ्यावं का?
– दोन गोंधळलेले, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर:

दुखणं ‘साधं बिल निघालं की झालं’ या वाक्यापासून सुरू झालंय. तुमच्या मनात साधं बिल म्हणजे वस्तू, वजन, दर, बेरीज. शेठच्या मनातल्या साध्या बिलात डब्याचं वजन वजा होतं, केटररला वेगळा दर लागतो, जुन्या गिऱ्हाइकाला वरचे तीन रुपये सोडले जातात आणि सकाळी नेलेली भाकरवडी संध्याकाळी बदलूनही मिळते. हे त्यांनी लपवून ठेवलेलं नाही. गल्ल्यावर बसून इतकी वर्षं हाताने करत आल्यामुळे, आपण हे करतो हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून ‘अजून एवढंच’ म्हणत जे येतंय त्यातलं निम्मं नवं नाही. ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं, तुम्ही लिहून घेतलं नव्हतं.

तेव्हा पहिला आठवडा कोडला हात लावू नका. जिवावर येईल, पण दहातला हा एक आठवडा खर्च करणं परवडतं. एक रविवारची सकाळ आणि एक साध्या दिवसाची संध्याकाळ काउंटरमागे उभे राहा, आणि जे घडतं ते क्रमाने लिहा. गिऱ्हाईक आधी पैसे देतं की माल घेतं? वजन कोण सांगतं, कारागीर की काटा? मध्येच कोणी ‘पावशेर नको, अर्धा किलो करा’ म्हणालं तर चिठ्ठीवर काय खोडतात? मग शेठकडून मागच्या महिन्याचं बिलबुक मागा आणि त्यातून ४० बिलं निवडा. २५ सरळ, १५ वाकडी: खाडाखोड झालेली, उधारीची, माल परत आलेली, आगाऊ रक्कम घेतलेली. प्रत्येक बिलाखाली तीन ओळी लिहा. आधी परिस्थिती काय होती, माणसाने काय केलं, कागदावर काय यायला हवं. उदाहरणार्थ: चिवड्याचा दर किलोला ३६५ रुपये, काट्यावर डब्यासकट ३९० ग्रॅम, डबा ४० ग्रॅम, बिलावर ३५० ग्रॅम आणि १२७ रुपये ७५ पैसे. ‘सिस्टीमने वजन नीट हाताळावं’ या वाक्यावर शेठही मान डोलावतील आणि तुम्हीही, आणि दोघांच्या डोक्यात वेगळंच काही असेल. १२७ रुपये ७५ पैशांवर तसं होत नाही.

‘तुम्हाला काय काय हवंय?’ हा प्रश्न शेठना विचारू नका. उत्तरात यादी येईल आणि ती संपणार नाही. ‘असं झालं तर?’ असं विचारा. बिल अर्धं झालं आणि लाइट गेली तर? दुपारी तेलाचा भाव वाढला म्हणून फाफड्याचा दर बदलला, तर सकाळी घेतलेल्या ऑर्डरीला कोणता दर? आगाऊ देऊन गिऱ्हाईक आलंच नाही तर? नेट बंद पडलं तर? रांगेत दहा माणसं असताना एका बिलाला किती सेकंद चालतील? शेवटचे दोन प्रश्न पुस्तकात नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायचं नव्हे, ते कसं चालायला हवं) या नावाखाली येतात आणि परीक्षेत दोन मार्कांना असतात. दुकानात मात्र त्यांच्यावरच सगळं ठरतं: नेटशिवाय बिल निघायला हवं असेल तर डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, दुकानातल्याच मशीनवर ठेवावा लागेल, आणि हा निर्णय आठव्या आठवड्यात फिरवणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया हलवणं.

भाषेचंही आत्ताच बघून घ्या. कारागीर गुजराती वाचतात, बिल इंग्रजीत छापायचंय आणि तुम्ही दोघं मराठीत विचार करता. आपली ‘शेव’ तिकडे ‘सेव’. नावावरून वस्तू ओळखली तर एकाच मालाच्या दोन नोंदी होतील आणि दोन्हीची बेरीज चुकेल. प्रत्येक वस्तूला एक कोड नंबर द्या, नावं त्याला चिकटवलेली असू द्या.

आता दहा आठवड्यांचं गणित. दसऱ्याची तारीख हलत नाही. माणसं दोनच आहेत. हलवण्यासारखी एकच गोष्ट उरते, कामाची व्याप्ती. सुदैवाने पंचांगाने तुम्हाला मधला टप्पा दिलाय. गणेश चतुर्थी ते विजयादशमी साधारण पाच आठवडे असतात. म्हणजे गणपतीपर्यंत पहिली आवृत्ती एका काउंटरवर चालू झाली पाहिजे. तिच्यात फक्त वजनाचं बिल, रोख किंवा यूपीआयची नोंद आणि दिवसअखेर रोजमेळाशी जुळणारी बेरीज. पुढच्या तीन आठवड्यांत आगाऊ ऑर्डरी आणि दुसरा काउंटर. उधारी, कारखाना आणि घरपोच माल दिवाळीनंतर. हे शेठना तोंडी सांगू नका, एका पानावर लिहून द्या आणि त्यांची सही घ्या. सही कोर्टात दाखवायला नको आहे. सही करताना माणूस वाचतो, म्हणून घ्यायची.

बदल तरीही येणारच. त्यासाठी चार रकान्यांची एक वही ठेवा: तारीख, काय हवंय, किती दिवस लागतील, त्याबदली काय मागे पडेल. चौथा रकाना मोकळा ठेवायचा नाही. ‘करता येईल, मग दुसरा काउंटर दसऱ्याला नसेल’ हे लिहून समोर ठेवलं की निम्म्या मागण्या शेठ स्वतःच दिवाळीनंतर ढकलतात. उरलेल्या खरंच गरजेच्या असतात, त्या करा.

वॉटरफॉल की अ‍ॅजाइल याचा फार विचार करू नका. पायऱ्यांचं जे चित्र वॉटरफॉल म्हणून शिकवतात ते अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखातलं म्हणून दाखवलं जातं. त्या लेखात ‘वॉटरफॉल’ हा शब्द नाही, आणि चाचणी शेवटी ठेवणारी ती सरळ उतरंड धोक्याची आहे असं रॉइस तिथेच बजावतात. अ‍ॅजाइलचा जाहीरनामा १७ जणांनी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यात एकत्र बसून लिहिला. त्यातून तुमच्या कामाचं एवढंच घ्या की दर आठवड्याला चालणारी वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. सोमवारी ठरवा, शनिवारी दुपारी गर्दी कमी असताना गल्ल्यावरच्या माणसाला वापरायला लावा आणि हात मागे बांधून बघत राहा. तो चुकीचं बटण दाबेल तेव्हा ‘असं नाही, तसं’ म्हणायचं नाही. तो जिथे अडखळतो ती जागा लिहून घ्यायची. रोज उभं राहून मीटिंग वगैरे दोन माणसांना नको.

एक दुरुस्त केलं की दुसरं का मोडतं, याची तुमच्या बाबतीत दोन कारणं असणार. एक, हिशोबाचा कोड पडद्याच्या कोडमध्ये मिसळलेला आहे. दर बदलण्याचं बटण दाबल्यावर जे चालतं त्यातच कर मोजला जातोय, त्यातच प्रिंटही निघतेय. हिशोब वेगळा काढा: वस्तू, वजन आणि दर आत जातात, रक्कम बाहेर येते, त्याला ना पडदा माहीत, ना प्रिंटर, ना डेटाबेस. दुसरं कारण, जुनं अजून चालतंय का हे तुम्ही दर वेळी हाताने तपासता, म्हणजे कंटाळा आला की तपासत नाही. ती ४० बिलं इथे पुन्हा कामाला येतात. प्रत्येकाची एक टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतंय का ते आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहा. हिशोब सुटा केलेला असेल तर चाळीसही एका सेकंदात चालतात. बदल केला की चालवा. बग सापडला तर दुरुस्तीच्या आधी तो दाखवणारी टेस्ट लिहा, ती नापास होताना डोळ्यांनी बघा, मग दुरुस्त करा. आधीच पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही.

हिशोबात मुख्य फसगत तीन ठिकाणी होते. पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश चिन्हाच्या संख्यांसाठीच्या प्रकारात, ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज मशीन ०.३०००००००००००००००४ अशी देतं, कारण मशीन सगळं ० आणि १ मध्ये मांडतं आणि त्यात या संख्या नेमक्या बसत नाहीत. रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, दोन्ही पूर्णांकात ठेवा. पूर्णांकात आधी गुणा, मग भागा. ३६५०० पैसे गुणिले ३५० ग्रॅम भागिले १००० म्हणजे १२७७५, बरोबर १२७ रुपये ७५ पैसे. आधी भागलंत तर ३६५०० भागिले १००० चे ३६च उरतात, आणि बिल १२६ रुपयांचं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकामागे पावणेदोन रुपये गेले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि ३२ बिटांचा पूर्णांक वापरू नका; तो २,१४,७४,८३,६४७ वर संपतो, पैशांत म्हणजे सव्वादोन कोटी रुपयांच्याही आत. एका बिलाला तो पुरेल, पण वर्षाची बेरीज दिवाळीच्या सुमारास उणे दाखवू लागेल. ६४ बिटांचा घ्या.

राउंडिंग कुठे करायचं तेही शेठच्या सीएंना विचारून लिहून ठेवा. १०७ रुपये ५० पैशांच्या तीन ओळी आणि सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) अडीच टक्के. ओळीगणिक कर काढला तर २ रुपये ६९ पैसे, तिन्ही मिळून ८ रुपये ७ पैसे. एकूण ३२२ रुपये ५० पैशांवर काढला तर ८ रुपये ६ पैसे. दोन्ही पद्धती चालतील, पण बिलावर एक आणि महिन्याच्या रिपोर्टात दुसरी असेल तर सीए रात्री नऊला तुम्हालाच फोन करतील. शेठ कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची जीएसटीची सोय) आहेत का हेही त्याच वेळी विचारा. असतील तर बिलावर कर वेगळा लावताच येत नाही आणि तुमचा अर्धा कोड गळून पडतो.

कराचा दर कोडमध्ये लिहिला असेल तर आजच बाहेर काढा. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवर १२ टक्के आणि सुट्यावर ५ टक्के असे दोन दर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंदलाही ५ टक्के झाले. दराचा वेगळा तक्ता करा, त्यात ‘या तारखेपासून’ हा रकाना ठेवा. शिवाय बिल जतन करताना त्या वेळचा भाव आणि कराचा दर बिलाच्या ओळीतच नोंदवा. नुसता वस्तूचा कोड नंबर ठेवून छापताना वस्तूंच्या मुख्य यादीतला आजचा दर आणला तर मागच्या वर्षीचं बिल पुन्हा काढल्यावर नवीनच आकडा दिसेल.

आता ते जुळं बिल. तुमचा कोड बहुधा ‘सगळ्यात मोठा बिल नंबर शोधा, त्यात एक मिळवा’ असा असणार. दोन्ही काउंटरनी एकाच क्षणी शोधलं, दोघांना ४१२ दिसला, दोघांनी ४१३ छापला. घरी एका लॅपटॉपवर हे कधीच होणार नाही, म्हणून तुम्हाला आधी सापडलं नाही. डेटाबेसचा आपोआप वाढणारा नंबर वापरावा असं कोणी सुचवेल. त्याने जुळी बिलं थांबतील, पण बिल मध्येच रद्द झालं तर तो नंबर वाया जातो आणि ओळीत भोक पडतं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचे नंबर सलग हवेत, आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नयेत, आणि १६ अक्षरांपेक्षा मोठे नकोत. मात्र एकापेक्षा जास्त मालिका चालतात. म्हणून काउंटर एकची मालिका ‘ए’, दोनची ‘बी’. प्रत्येक मालिकेचा चालू नंबर एका ओळीत ठेवा, आणि ती ओळ कुलूपबंद करून नंबर वाढवणं व बिल जतन करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. लाइट गेली तर दोन्ही होतात किंवा दोन्ही होत नाहीत. शिवाय बिल नंबराच्या रकान्याला युनिकची अट (एक नंबर दोनदा नको) घाला. कोड चुकला तरी डेटाबेस नाही म्हणेल.

झिप पाठवणं आज बंद. गिट वापरा, ते कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं; लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामासाठी लिहिलं, पण दोन माणसांच्या कामालाही तेवढंच उपयोगी आहे. एका कमिटमध्ये (नोंदीत) एकच बदल, आणि संदेशात ‘का’ लिहा; काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. ‘फिक्स केलं’ हा संदेश तीन महिन्यांनी वाचला तर काही कळत नाही. पासवर्ड आणि यूपीआयच्या किल्ल्या (गुप्त कोड) गिटमध्ये घालू नका. एकदा गेल्या की फाइल पुसली तरी इतिहासात राहतात, मग किल्लीच बदलावी लागते. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचल्याशिवाय मुख्य ब्रँचमध्ये (दुकानात जाणाऱ्या प्रतीत) जाऊ नये. वाचायला एका वेळी दोनशे ओळींच्या वर देऊ नका. हजार ओळी दिल्या की वाचणारा ‘छान आहे’ म्हणतो.

तिसरा मित्र? कोड लिहायला नको. उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की काम आणखी लांबतं, हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं ते अजून खोटं ठरलेलं नाही. दोघांत बोलण्याची एक वाट, तिघांत तीन, पाच जणांत दहा. आणि नव्याला शिकवायला जुन्याचेच दिवस जातात. त्याला वेळ असेल तर टेस्टर म्हणून घ्या. कोड न दाखवता नुसती ती ४० बिलं त्याच्या हातात द्या आणि सांगा, मोडून दाखव. शून्य ग्रॅम, उणे वजन, दोनदा दाबलेलं प्रिंटचं बटण, बिल चालू असताना उपसलेली काट्याची वायर. तुम्ही दोघं हे करणार नाही, कारण आपलं लेकरू कोणी मुद्दाम पाडत नाही.

शेवटी दुकानात बसवणं, आणि इथेच बऱ्याच जणांची धांदल उडते. नवीन आवृत्ती दुकान बंद झाल्यावरही नको. रात्री अकराला काही बिघडलं तर विचारायला कोणी नसतं. मंगळवारी दुपारी, शेठ आणि तुम्ही दोघं हजर असताना बसवा. आधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून कालची बेरीज जुळते का बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती एक फाइल. डेटाबेसमधल्या रकान्याचं नाव थेट बदलू नका; नवीन रकाना वाढवा, काही दिवस दोन्ही भरा, मग जुना काढा. म्हणजे मागच्या आवृत्तीवर परतायची वेळ आली तर तीही चालेल. परतायला किती मिनिटं लागतात हे घड्याळ लावून एकदा करून बघा.

दोन्ही काउंटरवर एकच आवृत्ती आहे ना, याची खात्री डोळ्यांवर सोडू नका. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीत आठ सर्व्हरपैकी सातांवर नवीन कोड चढवला गेला, आठव्यावर जुना राहिला. साधारण पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. तुमच्याकडे दोनच मशीन आहेत, तरी आवृत्तीचा नंबर पडद्याच्या कोपऱ्यात दिसू द्या, आणि काउंटर जुन्या आवृत्तीवर असेल तर डेटाबेसशी जोडूच देऊ नका.

पहिल्या आवृत्तीसोबत आठवडाभर कागदी बिलबुकही चालू ठेवा आणि रोज रात्री दोन्ही बेरजा लावा. काम दुप्पट होतं म्हणून गल्ल्यावरचा माणूस कुरकुर करेल. त्याला हे सातच दिवस आहे असं आधी सांगा आणि आठव्या दिवशी खरंच बंद करा. दसऱ्याच्या नऊ-दहा दिवस आधीपासून, म्हणजे नवरात्र बसलं की, कोडला हात लावायचा नाही. अपवाद एकच, बिल चुकत असेल किंवा निघतच नसेल तर. रंग बदलणं, बटण मोठं करणं, शेठच्या पुतण्याला सुचलेली ऑफर, सगळं वहीत.

सर्व्हरचं, डोमेनचं आणि बॅकअपचं खातं शेठच्या नावावर काढा, तुमच्या ईमेलवर नको. दिवाळीनंतर देखभालीचे पैसे वेगळे ठरवा. कराचा दर बदलला, प्रिंटर बदलला, विंडोज बदललं की काम येतंच, आणि ते ‘एकदा दिलेल्या पैशांत’ धरलं तर दोन वर्षांनी तुम्ही शेठचे फोन उचलणार नाही.

आणि दसऱ्याच्या आदल्या रात्री गल्ल्यात एक कोरं बिलबुक, कार्बन आणि दोन पेनं ठेवा. बिलांवर ‘सी’ मालिकेचे नंबर आधीच छापून घ्या, म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’शी टक्कर होणार नाही. सकाळी सहाला रांग लागल्यावर मशीन अडलं, तर दोन मिनिटं वाट बघायची आणि कागदावर सुरू करायचं. ती बिलं दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याच नंबरांनी आत भरायची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असायला हवी. ही मागणी शेठनी केलेली नाही; पहिल्या टप्प्याच्या यादीत तुम्हीच घाला.